साठ पोती वाळू, साठ पोती मैदा

चक्रीवादळ येणार म्हटल्यावर माणसं पहिली गोष्ट कोणती करत असतील, तर पाव विकत घेतात. खिडक्यांना फळ्या ठोकणं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळणं, गाद्या माळ्यावर टाकणं, हे सगळं नंतर. वादळाचा आणि पावाचा संबंध काय, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. पण सोमवारी सकाळी रेडिओवर बातमी लागली, आणि तासाभरात दाजींच्या बेकरीपुढची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली.

अशा दिवशी खरं तर बेकरीवाल्याने खुशीत असायचं. दाजी मात्र भट्टीकडे बघत उभे होते, आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे. ही भट्टी त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधली होती, आणि कशी बांधायची ते कोणालाही न सांगता ते देवाघरी गेले होते. तापलेल्या विटांना गार पाणी लागलं की त्या तडकतात. भट्टी विझवून पुरती निवायला चार दिवस लागतात, आणि वादळ होतं दोन दिवसांवर. आठ वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी उंबऱ्याला टेकून परत गेलं होतं. या वेळी ते त्याहून दोन हात वर चढेल, असं रेडिओवरची बाई अगदी गोड आवाजात सांगत होती.

"मी भट्टी सोडू शकत नाही," दाजी म्हणाले. "तू गिऱ्हाईक सोडू शकत नाहीस. मग दाराला वाळूची पोती लावायची कोणी?"

"बाळ्या आहे ना," गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या बायको, ताई म्हणाल्या.

यावर रांगेतल्या माणसांनीसुद्धा एकमेकांकडे बघितलं. कारण बाळ्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, आणि त्याला सगळी गल्ली मामा म्हणत असे आणि ओळखून होती.

मामा चव्वेचाळीस वर्षांचे होते. बहिणीकडे आठ दिवस राहायला म्हणून आले होते, त्याला चार वर्षं झाली होती. माणूस मनाचा सरळ, कष्टाला तयार, पण एक दोष होता. त्यांच्या हातून कधीच चूक होत नसे. जे काही होई ते पद्धतीत होई. आल्या आल्या त्यांनी बेकरीत धूर ओढायचा पंखा बसवला होता. तो चालू केला मात्र, पंख्याने बाहेरची हवा आत घेतली, चाळायला काढलेला मैदा उडवला आणि दाजींसकट पाच गिऱ्हाइकांना पांढरंफेक करून टाकलं. "उलटा नाही बसवलेला," मामा म्हणाले होते, "हवा खेळती राहावी म्हणून ही पद्धत आहे." त्या दिवसापासून दाजींनी कायदा केला: मामांनी मैद्याला हात लावायचा नाही, काथवटीला लावायचा नाही, भट्टीकडे तर बघायचंसुद्धा विचारून. तेव्हापासून मामा पुडक्यांना दोरा बांधत होते.

आता खरं सांगायचं तर मामांना मनातून पाव मळायला शिकायचं होतं. ते पहाटे उठून जिन्यात बसत आणि त्या लांबलचक लाकडी काथवटीत दाजींचे हात कसे चालतात ते बघत. पण हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा दोरा बरा.

दाजींनी मामांना हाक मारली आणि ते अहो-जाहोवर आले. ते रागावले की मेहुण्याला मान देत.

"हे बघा मेहुणे. नगरपालिका मैदानावर फुकट वाळू देते आहे. पोती आपली न्यायची. आज दुपारी गिरणीवाला साठ पोती मैदा टाकून जाणार आहे, तोही वर माळ्यावर गेला पाहिजे. वाळू दाराला, मैदा माळ्यावर. एवढंच. भट्टीला पाणी लागलं, तर तुमची बॅग मी स्वतः भरून देईन. कपड्यांना इस्त्री करून."

"तुम्ही निर्धास्त राहा दाजी," मामा म्हणाले, आणि दाजींच्या कपाळावर आणखी एक आठी पडली.

मामांनी दोन हमाल ठरवले, एक थोरला आणि एक बारका. बेकरीत रिकाम्या पोत्यांना तोटा नव्हता. मैद्याचीच, गिरणीचा लाल शिक्का असलेली साठ चांगली पोती निवडून मामा मैदानावर गेले, तिथे रांगेत पाच तास उभे राहिले आणि साठ पोती वाळू घेऊन आले. पोती निम्मीच भरली होती. नगरपालिकेच्या पत्रकात तसंच लिहिलं होतं आणि त्याहून जास्त उचलायला हमाल तयार नव्हते. मागचं अंगण गल्लीपेक्षा बरंच उंच होतं, तिकडून पाण्याची भीती नव्हती; तिथे ती एका बाजूला रचली. तेवढ्यात गिरणीवाल्याचा ट्रक आला आणि मैद्याची साठ पोती अंगणाच्या दुसऱ्या बाजूला उतरवून गेला. आभाळ भरून आलं होतं म्हणून मामांनी दोन्ही थप्प्यांवर निळ्या ताडपत्र्या टाकल्या. मग मागच्या दारात, अंगणाकडे तोंड करून ते उभे राहिले आणि हात उंचावून त्यांनी हुकूम सोडला.

"डावीकडची माळ्यावर! उजवीकडची दुकानाच्या दाराला!"

हमाल समोर, मामांकडे तोंड करून उभे होते. मामांचं डावं ते त्यांचं उजवं. एवढीच गोष्ट. या जगात मोठमोठ्या पदांवरच्या माणसांनी याहून लहान कारणांनी मोठी वाटोळी केली आहेत, पण त्यांना कोणी दोरा बांधायला बसवत नाही.

थोरला हमाल पोतं खांद्यावर घेऊन दाराकडे येता येता म्हणाला, "मामा, वाळू मऊ लागते हो."

"चांगली वाळू मऊच असते," मामा म्हणाले.

बारका हमाल जिन्यावर थांबून म्हणाला, "आणि हा मैदा टोचतोय."

"प्रवासात दबून बसलाय. तू चढ."

हमाल चढला. त्याला पैसे चढायचे मिळत होते, वाद घालायचे नव्हते.

संध्याकाळपर्यंत दुकानाच्या शटरच्या आत पाच थरांची भिंत उभी राहिली. काय भिंत होती! गुबगुबीत, सरळ, एकावर एक चापून बसलेली. शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना गल्ली केमिस्टबाई म्हणे, त्या हातात पत्रक घेऊन बघायला आल्या. पत्रकाला त्यांनी लॅमिनेशन करून घेतलं होतं. त्यांची स्वतःची पोती निम्मी रिकामी, वेडीवाकडी, चिपाड झालेल्या उशांसारखी पडली होती.

"तुमची इतकी भरलेली कशी दिसतात?" त्यांनी विचारलं. "पत्रकात तर निम्मीच भरा म्हटलंय."

क्षणभर मामांनाही तोच प्रश्न पडला. आपणही निम्मीच भरली होती ना? पण बाईंच्या डोळ्यांत कौतुक होतं, आणि मामांच्या वाट्याला ते चार वर्षांत आलं नव्हतं. कौतुक समोर उभं असताना शंकेला दार कोण उघडतो?

"भरण्याची एक पद्धत असते," मामा म्हणाले.

दाजी पंधरा तास भट्टीपुढे उभे होते. त्यांनी घाम पुसत एकदा भिंतीकडे बघितलं, लाल शिक्के बघितले, आणि म्हणाले, "बरी झाली." दाजींच्या तोंडून हे म्हणजे हत्तीवरून साखर वाटण्यासारखंच. मामा त्या रात्री उपाशीपोटीही झोपले असते, पण जेवूनच झोपले.

बुधवारी सकाळी वारा आला. घराच्या पत्र्यांनी आधी ताल धरला आणि मग ताल सोडून नुसता थयथयाट केला. पाऊस वरून पडायचं सोडून आडवा येत होता. दुपारी बारा वाजता समोरच्या गल्लीतून पहिली कुंडी तरंगत गेली, तिच्यामागे एक चप्पल, आणि चपलेमागे कोणाची तरी 'पार्किंग करू नये' असं लिहिलेली पाटी. पाणी उंबऱ्याला लागलं आणि वर सरकू लागलं. शटरच्या फटीतून आत येऊन ते भिंतीला भिडलं, आणि तिथे थांबलं. मामा भिंतीपाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण या घरात पाहुणे नाही.

तेवढ्यात नगरपालिकेतून फोन आला. शाळेत चारशे माणसं आणून ठेवली होती, उद्या सकाळी पाव लागणार होता. दाजी म्हणाले, "देतो." भट्टी तापलेलीच होती. ते माळ्यावर गेले, एक पोतं पाठीवर घेऊन खाली आले. येताना जरा थबकत आले. पोतं त्यांनी काथवटीवर धरलं, सुतळीचा टाका सर्रकन ओढला आणि पोतं उपडं केलं.

खसस्स् असा आवाज आला. मैद्याला आवाज नसतो.

दाजी काथवटीत बघत राहिले. ताई बघत राहिल्या. कॉलेजात जाणारी दाजींची मुलगी, म्हणजे मामांची खरीखुरी भाची, पुढे आली, तिने चिमूट उचलून बोटांत चोळली आणि म्हणाली, "बाबा, ही वाळू आहे."

"मला दिसतंय," दाजी म्हणाले.

मग चौघांच्याही माना एकदमच दाराकडे वळल्या. बाहेर इतकं पाणी होतं, पण मामांच्या तोंडचं पार पळालं.

"म्हणजे," ताई हळूच म्हणाल्या, "दाराला काय लावलंय?"

मामांनी तोंड उघडलं. ही एक पद्धत आहे, हे शब्द जिभेवर आले होते. आले आणि तिथेच वाळून गेले. कारण भिंतीच्या बुडातून पाण्याचा एक पांढरट ओघळ निघाला होता आणि सावकाश, रस्ता माहीत असल्यासारखा, भट्टीकडे चालला होता. भट्टीचं तोंड जमिनीपासून वीतभरच उंच होतं.

"चुकलो," मामा म्हणाले. "दाजी, मी चुकलो. माझं डावं-उजवं चुकलं."

चार वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. ताईंना तर पुरापेक्षा त्याचीच भीती वाटली. एरवी दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला असता, पण त्यांना त्या वेळी वेळ नव्हता. ते धावत भिंतीपाशी गेले आणि गुडघे टेकून त्यांनी खालच्या पोत्यावर हात ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं.

"अगं," ते म्हणाले, "हे मळलं जातंय."

आणि खरंच तसं होत होतं. बाहेरच्या अंगाने पाणी पोत्यात शिरलं होतं, पण फार आत जाऊ शकत नव्हतं. भिजलेल्या मैद्याचा चिकट थर झाला होता, आणि तो थर मागच्या कोरड्या मैद्यापर्यंत पाणी पोचू देत नव्हता. दोन पोत्यांमधल्या फटींतून तेवढं पाणी झिरपत होतं. जिथे झिरपत होतं तिथे पोत्याच्या विणीतून लगदा बाहेर येत होता. चाळीस वर्षं पीठ मळलेल्या माणसाला पुढचं कोणी सांगावं लागलं नाही.

"सगळे या!" दाजी ओरडले. "फटी थापा! तू तिकडून, पोरी तू मधे. मेहुणे, तुम्ही आधी माळ्यावर पळा, वाळू आणा आणि भट्टीपुढे बांध घाला!"

मामा पळाले. हमाल नव्हते, पद्धत नव्हती, फक्त जिना होता. पोतं ओढत, कधी पोत्यावर बसून घसरत, ते एकामागून एक पोती खाली आणत होते. चौदा पोत्यांचा अर्धगोल भट्टीच्या तोंडापुढे उभा राहिला. ओघळ वाळूशी आला, घुटमळला आणि मुकाट बाजूच्या मोरीकडे वळला. मामांनी त्याला जाताना नमस्कार केला.

मग ते भिंतीशी येऊन उभे राहिले. हात मागे बांधून. तिघंही कोपरापर्यंत लगद्यात होती आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक नवी फट पाझरत होती.

"बघताय काय?" दाजी खेकसले. "लावा हात!"

"लावू?" मामांनी विचारलं.

दाजींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी का आलंय हे त्यांना कळेना. भट्टी माझी, रडतोय हा!

"लाव बाबा," ते म्हणाले. रागाच्या भरातही ते अरे-तुरेवर आले होते.

मामांनी बोटांनी फट चिवडायला सुरुवात केली.

"बोटांनी नाही रे! बोटं काय चिवडतोस पोपटासारखी? तळहात. तळहाताचं मूळ. खांद्यातून जोर येऊ दे. दाब, आणि पुढे ढकल. दुमड. पुन्हा दाब. हां. घाई नको, ते काही पळून जात नाही."

बाहेर चक्रीवादळ घोंघावत होतं, शेजारी केमिस्टबाई माळ्याच्या खिडकीतून "पत्रकाप्रमाणेच केलं होतं हो मी!" असं कोणाला तरी ओरडून सांगत होत्या, आणि आत चार माणसं ओळीने उभी राहून भिंत मळत होती. भाचीला हसू आवरेना. ताईंनी तिला दटावलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं. पाणी दुसऱ्या थरावर आलं, तिसऱ्यावर आलं, आणि तिथे बराच वेळ रेंगाळून संध्याकाळी उतरायला लागलं. मामांचे खांदे भरून आले होते. पण थांबायची त्यांची इच्छा नव्हती.

सकाळी ऊन पडलं. केमिस्टबाईंच्या दुकानात गुडघाभर चिखल होता. औषधं त्यांनी आधीच वर हलवली होती म्हणून नशीब. दाजींच्या दुकानात जमीन ओली होती, एवढंच. दाजी भट्टीपुढे बसले आणि बोटाच्या पेराने एकेक वीट वाजवू लागले. अखंड वीट टण् वाजते, तडकलेली थप् वाजते. दोनशे सतरा विटा. मामा मागे उभे राहून प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होते. शेवटची वीट वाजली, टण्, आणि दाजींनी त्या गरम विटांना कपाळ टेकलं आणि ते ढसाढसा रडले. वडील गेले तेव्हाही ते असे रडले नव्हते. मामा मात्र जिन्याखाली गेले आणि त्यांनी आपली बॅग शोधायला सुरुवात केली. कारण भट्टी वाचली असली, तरी छत्तीस पोती मैदा त्यांनी बुडवला होता, आणि हिशेब न येणाऱ्यालाही तो कळत होता.

"कुठे चाललास?" मागून दाजींचा आवाज आला. डोळे पुसलेले नव्हते, पण आवाज नेहमीचा खरखरीत होता. "वरचे दोन थर कोरडे आहेत. चोवीस पोती. पाण्याचा थेंब लागलेला नाही, मी बघितलंय. शाळेत चारशे माणसं थांबलीयेत. माझे हात गेलेत काल. साबणाने तीनदा हात धू आणि काथवटीवर ये."

मामांनी पाचदा धुतले.

दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत टोपल्या पोचल्या. पाव थोडे वाकडे होते. काही एका अंगाला झुकले होते, काहींना डोकं होतं आणि खांदे नव्हते. पण गरम होते, आणि चारशे माणसं भुकेली होती. मामा खांबाआड उभं राहून एकेकाचं तोंड बघत होते. कोपऱ्यात बसलेल्या एका गृहस्थाने मोठा घास घेतला, आणि त्यांच्या दातांखाली कचकन काहीतरी आलं.

काथवट कितीही घासली तरी वाळूच ती, कुठल्या तरी सांध्यात राहिलीच होती.

"अहो बेकरीवाले!" गृहस्थ ओरडले. "पावात वाळू आहे!"

सगळी खोली टोपल्यांपाशी उभ्या असलेल्या दाजींकडे बघायला लागली. दाजींच्या पावाला नावं ठेवणारा माणूस या गावात आजवर दुसऱ्यांदा पाव विकत घ्यायला आलेला नव्हता. दाजी ताठ उभे राहिले, सावकाश त्या गृहस्थांपुढे गेले आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले,

"माझ्या मेहुण्याच्या हातचा आहे. मुकाट्याने खा."